मामांनी घट्ट केलेला सूट

मामा गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी आयर्लंडमध्ये समुद्रावर निघाले होते. पाठीवर बॅग, बॅगेत सर्फिंगला घालायचा काळा रबरी वेटसूट… त्या सूटकडे बघवेना. फोन ठेवल्यावर रडू आलं, पण त्याआधी शरम वाटली. महिना झाला, ती अजून तशीच आहे.

भगवानमामांचं मुकुंदवाडीत स्टेशनाजवळ शिलाईचं दुकान होतं. जन्मभर त्यांनी शाळेचे गणवेश शिवले, तेही वाढत्या अंगाचे. पोर दोन वर्षांत कितीही उंच होवो, आत दुमडलेलं कापड उसवलं की झालं! आमच्या घरात कुणीही मामांना विचारल्याशिवाय कपडा घेत नसे. शिकायला तिकडं गेल्यावर सर्फिंगचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा मीही सूट घेताना दुकानातूनच त्यांना व्हिडिओ कॉल लावला. समुद्र मामांनी पाहिला नव्हता, जायकवाडीचं पाणी तेवढं पाहिलेलं. पण फोन मशीनला टेकवून त्यांनी मला गोल फिरायला लावलं, हात वर करायला लावले. "लई घट्ट दिसतंय गं बाई. काखंत ओढतंय बघ. एक नंबर वरचा घे, आत स्वेटर बी मावंल." दुकानातली मुलगी घट्टच घ्या म्हणत होती. मी मामांचं ऐकलं.

पहिल्याच लाटेला मानेतून बर्फासारखं पाणी आत शिरलं आणि सूट पखालीसारखा फुगला. अंगाला चिकटून बसला तरच तो ऊब धरतो, हे मला तेव्हा कळलं. सोबतचे हसले. दात वाजत असतानाच मी मामांना फोन लावला आणि नको ते बोलले. "गणवेश शिवणाऱ्याला काय कळतंय यातलं? माझीच चूक, तुम्हाला विचारलं!" पलीकडं मशीन थांबलं. "चुकलं बाई माझं," मामा म्हणाले. "कपड्यानं अंगाला काचू नाय, एवढंच मला ठावं."

मी दुसरा सूट घेतला आणि दिवाळीला येताना तो ढगळा सूट आईकडं टाकायला घेऊन आले. मामांनी तो मागून नेला. चार दिवसांनी दुकानात बोलावलं. सूट उसवून, आत घेऊन, हातानं टाके घालून त्यांनी शिवणींवर पंक्चरचं सोल्युशन लावलं होतं. "पाणी नाय शिरणार आता. घालून तरी बघ." दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत मी हसले. म्हटलं, "मामा, ही काय सायकलची ट्यूब आहे? नवा घेतलाय मी." मामांनी सूट शांतपणे घडी केला. "बरं. राहू दे मग." मला मैत्रिणीकडं जायचं होतं, मी गेले. ती आमची शेवटची भेट.

दहाव्याला मी घरी पोचले. नंतर मामींनी दुकानातलं कपाट उघडलं. शिवून ठेवलेल्या कपड्यांत माझा सूट होता. वर टाचणीनं चिठ्ठी, मामांच्या अक्षरात: 'मान, मनगट, घोटा. बोट जाऊ नये.' त्यांनी हे कुणाला विचारलं असेल? माझं माप मागं एका लग्नाला त्यांनीच मला शिवून दिलेल्या चुडीदारवरून घेतलं असणार.

दुकानात कपडे घालून बघायला लावलेल्या पडद्यामागं जाऊन मी सूट चढवला. मामींनी पाठीची चेन ओढून दिली आणि त्या बाहेर गेल्या. मी मानेशी बोट घालून पाहिलं, जाईना. मनगटाशीही नाही. मग हात वर केले… काखेत कुठंच ओढलं नाही. कमरेचं जास्तीचं कापड काढून त्यांनी दोन्ही काखांत चौबगला, तो छोटा चौकोनी तुकडा बसवला होता. माझा नवा सूट तिथं काचतो. हे मी मामांना कधी सांगितलंच नव्हतं.

पडद्यामागच्या माणसाला मामा बाहेरून नेहमी भिंतीकडं तोंड करून विचारायचे, "बसला का?" उत्तर आल्याशिवाय ते पुढच्या कपड्याला हात लावत नसत.

"बसला, मामा," मी म्हणाले.

बाहेर मामी मशीनवरची धूळ पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. दिवाळीत सूट घालून हे उत्तर द्यायला मला पाच मिनिटं लागली असती.