तीन वाजता थांबणारी डाळमिल

त्या दुपारची आठवण आली की माझ्या कानात अजून क्लॅरिनेट वाजतं.

तेव्हा मी लातूरला पोलीस निरीक्षक होतो. एका डाळमिल मालकाचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आला. मिलच्या आयकर विवरणात ‘यंत्र देखभाल’ म्हणून दरमहा एक रक्कम वजा होत होती. पावत्यांवर सही मात्र लग्नाच्या बँडमधल्या एका क्लॅरिनेटवाल्याची होती.

“मुनीमचाचांनी पैसे खाल्ले. वडिलांना इतक्यात कळू देऊ नका,” मुलगा म्हणाला.

चाचांची उभी हयात त्या मिलमध्ये गेलेली. दोन दिवस चौकशी केली. खोटं बोलणारा न विचारलेलंही सांगतो. हे विचारलेलंही सांगेनात.

“खर्च खरा हाय साहेब. लिहिलं मी, मलाच धरा.”

“यंत्राला क्लॅरिनेट कशाला लागतं, चाचा?”

“मलाच धरा,” ते पुन्हा म्हणाले. मी चिडलो. उद्या अटक करायची, असं हवालदाराला सांगूनही टाकलं.

संध्याकाळी पावत्या पुन्हा चाळल्या. प्रत्येकीवर एकच वेळ होती, दुपारी तीन. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत, मुलाला आणि चाचांना घेऊन मिलमध्ये गेलो.

तीनला यंत्रं थांबली. तुरीची पिवळी धूळ उन्हात तरंगत राहिली. एक म्हातारा लिंबाखाली बसून क्लॅरिनेट वाजवू लागला. वर घराची खिडकी उघडी होती. अर्धांगाने वाचा गेलेल्या बायकोला मालक मऊ भात भरवत होते आणि ती सावकाश खात होती. मीही कुठे आहे ते विसरलो.

“एरवी भाभीजी तोंडच उघडत न्हाईत,” चाचा हळूच म्हणाले. “मशीनच्या आवाजात वाजवलेलं ऐकू येत न्हाई. बायकोसाठी बाजा लावलाय, हे चारचौघांत सांगायची शेटजींना लाज वाटायची. म्हणून मीच मशीनच्या खात्यात टाकलं.”

मुलगा सणासुदीलाच यायचा, मिल आणि बाजा दोन्ही बंद असताना. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो चाचांच्या पाया पडला, जिना चढला आणि वडिलांच्या हातातली वाटी घेतली.

अर्ज मागे घेतला गेला. खर्च घरचा होता, म्हणून मालकांनी त्यावरचा कर व्याजासह भरला. पण एका भल्या माणसाला मी बेड्या घालणार होतो, याची लाज मला आजही वाटते. पैसा कशासाठी गेला, हे जागेवर जाऊनच पाहावं लागतं.

आता नांदेडला, विष्णुपुरीजवळ राहतो. तीन वाजले की टीव्ही बंद करतो आणि बायकोला विचारतो, “कोणतं गाणं लावू?”

ती म्हणते, “काही नको. नुसते बसा.”