मागल्या अंगणातली चूल

भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या बहुतेक कारागिरांना स्वतःची खोली नसते. ते लूमजवळच झोपतात आणि भिशीत जेवतात. भिशी म्हणजे महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण घालणारं घर. तिथल्याच टेमघर भागात माझा छोटा कारखाना होता आणि त्याला लागूनच आमचं घर. माझे कारागीर जेवायला जात ती भिशी आमच्याच आळीतली एक विधवा मावशी चालवायची. कारखान्यात स्टोव्ह पेटवायचा नाही, हा माझा कडक नियम. सुताचा कापूस भिंतींना, छताला चिकटलेला असतो. एक ठिणगी पुरते.

लॉकडाऊन लागला, लूम थांबले. पोलिसांनी भिशीही बंद केली. पालिकेची खिचडी नाक्यावर यायची, पण तिथल्या रांगेत चाचांना उभं राहवत नसे. चाचा माझ्याकडचे सर्वांत जुने कारागीर, यूपीचे, वडिलांच्या वेळेपासूनचे. उभं राहून राहून त्यांचे पाय कायमचे सुजले होते.

मग सरकारने रेशनकार्ड नसलेल्यांनाही फुकट तांदूळ दिला. मी धावपळ करून माझ्या माणसांचा तांदूळ मिळवला आणि कारखान्याच्या दारात वाटला. फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. चाचांनी पिशवीतून मूठभर दाणे वर काढले.

"सेठ, कच्चा तो मुर्गी खाती है. पकाऊँ कहाँ? आपके कारखाने में आग लगा दूँ?"

सगळे हसले. मीही हसलो. मग ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "पका हुआ मिल जाए तो मैं रुक जाऊँगा. बाकी लोग पैदल निकल रहे हैं. मुझसे इतना चला नहीं जाएगा."

संध्याकाळी मावशी फाटकाशी आली. "भाऊ, तुमच्या मागल्या अंगणात चूल हाय. मी येऊन रांधते. घरात पाय न्हाय ठेवणार."

"आईचं वय झालंय, मावशी. हा आजार घरात आला तर?"

"म्हशीचं आंबोण शिजतं ना रोज त्याच चुलीवर? माणसांचा भात शिजला तर बाटणार हाय का ती?"

"तसं नाही," म्हणत मी फाटकाला कडी लावली. मी वळून पाहिलं नाही.

दोन दिवसांनी पहाटे माझी माणसं नाशिकच्या रस्त्याला लागली. त्यांच्याबरोबर चाचाही. मी उठलो तेव्हा कारखाना रिकामा होता आणि चाचांची तांदळाची पिशवी दाराच्या कडीला नीट गाठ मारून टांगलेली होती. एवढं ओझं कशाला न्यायचं, असं म्हणाले असतील.

पुढे एका कारागिराचा फोन आला. इगतपुरीच्या पुढे चाचा एका झाडाखाली टेकले होते. ते उठलेच नाहीत.

आईला सांगितलं तेव्हा चुलीची गोष्टही सांगावी लागली. ती म्हणाली, "मला विचारायचंस तरी. मी कुठं नको म्हटलं होतं?"

आईचं नाव पुढे केलं होतं. घाबरलो होतो मी.

भिशी पुन्हा सुरू झाली तेव्हा ती पिशवी घेऊन मावशीकडे गेलो. तिने हात लावला नाही. "त्याच्या वाटचं हाय ते. दुसऱ्याच्या ताटात कसं वाढू?"

पिशवी परत आणून पडवीत ठेवली. त्यातल्या तांदळाला किडे लागले. ती पिशवी कुणाची ते आईला मी सांगितलं नव्हतं. एका सकाळी मागल्या अंगणातून भाताचा वास आला म्हणून गेलो, तर चूल पेटलेली होती आणि आई म्हशीच्या आंबोणात ते तांदूळ शिजवत होती.

"वाया कशाला घालवायचे?" ती म्हणाली.

मला तिला थांबवता आलं नाही. भात शिजेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.