दुधीचं बी

जगदेव बंजाऱ्यांच्या तांड्यावर पहिल्यांदा गेला तो दारूसाठी. हे तो स्वतःच सांगायचा आणि हसायचा.

तो इंझोरीच्या माळ्याच्या घरचा. मळा ओढ्याकाठी. वांगी, मिरच्या आणि दुधी. मानोऱ्याच्या बाजारात त्यांच्या दुधीला नाव होतं. मळा पाहायचा थोरला भाऊ रंगराव. जगदेव मोट हाकायचा आणि सांज झाली की नाहीसा व्हायचा. वयानं तो माझ्याहून बराच मोठा, तरी मी नागपूरहून सुटीत आलो की मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ आम्ही बसत असू. मी वाचलेलं सांगायचो. तो ऐकायचा आणि म्हणायचा, बाबू, हे सारं खरं, पण मी करू काय?

एका हिवाळ्यात तो असाच गेला, तर तांडा रिकामा. दिवाळी झाली की तिथली माणसं कारंज्याकडं कापसाच्या जिनात कामाला जात. झोपड्यांची दारं काट्या लावून बंद. लखीराम बंजाऱ्याची आई, गोमतीबाई, तेवढी मागं राहिली होती. तिच्यानं चालवत नव्हतं. तिच्याकडं दारू नव्हती. एक भाकर होती. ती तिनं मोडली आणि अर्धी याच्यापुढं ठेवली.

"मी खाल्ली," जगदेव मला म्हणाला. "मंग समजलं, बुढीजवळ दुसरी नव्हतीच."

दारू त्यानं त्याच हिवाळ्यात सोडली. सोपं गेलं नाही. सांज झाली की तो मोट पुन्हा जुंपायचा. रंगराव म्हणाला, होळीपरेंत टिकते का पाहू. होळी गेली. जगदेव तांड्याच्या नाल्याकाठी माती चाचपत हिंडत होता. इथं भाजी झाली, बाजार मिळाला, तर माणसं घर सोडून जाणार नाहीत, असं त्यानं मनाशी धरलं होतं. मोट हाकून जे कधी वाटलं नव्हतं, ते त्याला आता वाटू लागलं होतं. हे आपलं काम आहे.

त्यासाठी बी हवं होतं. आणि माळ्याच्या घरचं बी घराबाहेर जात नसे. त्याची आई सोजरबाई दुधीचं बी राखेत घोळून गाडग्यात भरायची आणि गाडगं आढ्याला टांगायची. दुसऱ्या माळ्यांच्या घरी दिलेल्या स्वतःच्या लेकींनाही तिनं ते दिलं नव्हतं. जगदेवनं गाडगं उतरवलं ते भरदुपारी, तिच्यादेखत. ती मिरच्या निवडत राहिली. बोलला रंगराव.

"उद्या तेच बाजारात आपल्या बाजूले बसतीन. मंग काय खाशीन?"

"भाकर," जगदेव म्हणाला. "अर्धी."

रंगरावानं त्याला मग तिकडंच राहायला सांगितलं. तो गेला.

त्या दिवाळीला मी तांड्यावर गेलो, तेव्हा कुडाकुडावर दुधी लोंबत होता. बाया पाट्या घेऊन मानोऱ्याला निघाल्या होत्या. जिनात फार थोडे गेले. लखीराम गेला नाही. गोमतीबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तांड्यावरच्या वेलांचं बी वाटत होती. माहेरी आलेल्या पोरींच्या पदराला तिनं ते बांधून दिलं. जगदेव तिच्याकडं पाहत होता. त्याला इतकं खुश मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

तांड्याच्या टोकाला भजनकऱ्याच्या झोपडीवर कडू भोपळ्याचा वेल होता. एकतारीसाठी लावलेला. माळी लोक तो वेल मळ्याच्या आसपास उभा राहू देत नाहीत. का, ते जगदेवला ठाऊक नव्हतं. कोणी कधी बोललंच नव्हतं. आणखी एक गोष्ट होती. नव्या वेलाचं पहिलं फळ उतरलं की सोजरबाई त्याचं टोक कापायची, जिभेला लावायची, थुंकायची. मगच पाटी भरायची. जगदेवनं हे लहानपणापासून पाहिलं होतं. त्याला तो आईचा चाळा वाटायचा. तांड्यावर त्यानं ते कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या साली लोकांनी स्वतः धरलेलं बी पेरलं.

मी पोहोचलो तेव्हा गोमतीबाईला जाळून माणसं परतली होती. लखीराम उंबऱ्यावर बसला होता, जगदेव अंगणात. त्यानं सांगितलं ते असं. घरच्या वेलाचं पहिलं फळ तिनं हौसेनं रांधलं. पोरांनी थुंकून टाकलं. लखीरामनंही ताट सारलं. तिनं वर गूळ टाकला, आपलं खाल्लं, मग पोरांच्या ताटातलंही खाल्लं. सांजेला वांत्या सुरू झाल्या. मग रक्त पडलं. मानोऱ्याहून वैद्य यायच्या आत ती गेली.

"म्या म्हनलं, माय, फेकून दे," लखीराम म्हणाला. "ते म्हने, जगदेवनं देल्लं हाय. फेकाचं नाही."

जगदेव उठला. कुडावरचं एक फळ तोडलं, दातानं टोक तोडलं, थुंकला. पुढचा वेल. त्याच्या पुढचा. मी मागोमाग चालत होतो. काही गोड होते. कोणते, ते पाहून कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई चालत आली. तांड्यावर ती पहिल्यांदाच येत होती. तिनं वेल पाहिले, टोकाचा कडू भोपळा पाहिला. त्याचेच पराग दुधीच्या फुलांत गेले होते आणि धरलेल्या बियांत कडूपणा उतरला होता.

"चाखलं नव्हतं काय रे?"

"तू काहून चाखत होती, ते कधी सांगतलं काय मले?"

"तू कधी इचारलं?"

तिनं त्याला घरी चल म्हटलं नाही. तो गेलाही नसता.

तांड्यानं त्याला बोल लावला नाही. लखीरामनं वेल उपटले, गोड-कडू एकत्रच. दिवाळीनंतर सगळा तांडा जिनाकडं गेला. या खेपेला मागं राहायला कोणी नव्हतं. लखीरामनं दाराला काट्या लावल्या.

पण बी तोवर पोरींच्या पदरातून दूर गेलं होतं. तेव्हापासून जगदेव हंगामात तांड्यातांड्यांनी हिंडतो. वेल चाखतो, कडू निघाला की उपटतो. काही ठिकाणी त्याला भाकर देतात. काही ठिकाणी त्याच्यावर कुत्री सोडतात. रंगरावानं आमची भाजी मोडायला भाऊ पाठवला, असं म्हणतात. एका तांड्यावर त्याचा हात मोडला. रंगरावाच्या दुधीला बाजारात पुन्हा नाव आहे, कारण दुसरा दुधी येत नाही.

परवा मानोऱ्याच्या बाजारात तो मला दिसला. हात वाकडाच जुळला आहे. आम्ही रंगरावाच्या पाटीपुढून चाललो होतो. जगदेव थांबला. एक फळ उचललं, टोक मोडलं, जिभेला लावलं, थुंकला. रंगराव चिडला नाही.

"गोडच हाये ना?" त्यानं विचारलं.

जगदेवनं फळ पुन्हा जिभेला लावलं.

"मले आता कडू-गोड समजत नाही, दादा," तो म्हणाला. त्यानं फळ पाटीत ठेवलं आणि जाणाऱ्या एका बंजारणीला तिचा तांडा कोणता ते विचारू लागला.