वाफ निघाली की

थंडी वाजावी म्हणून धडपडणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या घरात राहतो. बाकीचं सगळं जग थंडी वाजू नये म्हणून धडपडतं. शाली, दुलया, शेकोट्या, डिंकाचे लाडू हे सगळे शोध माणसानं त्यासाठीच लावले. माझे सासरे मात्र थंडीला शोधत फिरतात. हरवलेला चष्मा शोधावा तसं शोधतात, म्हणजे ती इथेच कुठेतरी होती आणि घरातल्याच कुणीतरी हलवली आहे असा संशय चेहऱ्यावर ठेवून. आणि दैवानं त्यांना आणून टाकलं कुठे, तर डहाणूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जिथे रात्रीचा पंखा बंद करावा लागला की हिवाळा आला असं आम्ही धरून चालतो.

मी डहाणूचाच. थंडीच्या बाबतीत आम्ही किनाऱ्यावरची माणसं जरा हळवी आहोत, हे मान्य करून टाकतो. दिवाळी उलटून सकाळचा वारा थोडा कोरडा झाला की आमच्याकडे कानटोप्या बाहेर पडतात. रिक्षावाले मफलर गुंडाळतात, बाजारात मासे विकणाऱ्या बायका पदरावरून मुलांचे स्वेटर चढवतात, आणि आमच्या ऑफिसात ज्या खिडक्या मे महिन्यात उघडत नाहीत म्हणून तक्रारी होतात त्याच खिडक्या नीट लागत नाहीत म्हणून तक्रारी सुरू होतात. शेजारच्या हंसाबेन ताटलीभर अडदिया घेऊन येतात. उडीद, डिंक आणि भरपूर तूप घातलेल्या त्या वड्या पुढे करत म्हणतात, "खाऊन घ्या भाई, थंडी बहु पडली!" तेव्हा त्यांच्या स्वतःच्या कपाळावर घाम असतो. पण थंडी पडली असं सगळ्यांनी ठरवलेलं असतं, त्यामुळे मीही कानटोपी सावरून अडदिया खातो.

अशा गावात दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या अखेरीस आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, नागपूरहून आले. सासूबाई दसऱ्यानंतर गेल्या होत्या. दिवसकार्य आटोपल्यावर माझ्या बायकोनं त्यांना एकटं ठेवायला साफ नकार दिला आणि घराला कुलूप लावून त्यांना इकडे घेऊन आली. सोबत एक पत्र्याची ट्रंक होती. ती हमालाच्या डोक्यावर द्यायला ते तयार नव्हते, म्हणून ती माझ्या डोक्यावर आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडून पाहतो तर बाबा अंगणात नुसत्या बनियनवर उभे, मान वर, तोंड उघडं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि "हाऽऽऽ" करून सोडला. मग समोरच्या हवेकडे बारकाईनं पाहिलं. नारळाच्या झावळ्यांखेरीज तिथे काही नव्हतं. माझ्या अंगावर स्वेटर, त्यावर शाल आणि डोक्यावर कानटोपी होती. ती वेशभूषा त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि विचारलं, "काहून कापून राह्यले, जवाईबापू? बरं नाई का?"

बाबांनी पोस्टात असताना आयुष्यभर नागपूरच्या डिसेंबरात सायकलवरून टपाल वाटलेलं. तिकडची थंडी कशी, तर सायकलची दांडी हाताला चावायची, म्हणे. सकाळी चौकात शेकोटी, दुपारी गच्चीवर उन्हात पाठ करून संत्री सोलत बसायचं, रात्री दुलईत शिरल्यावर पहिली काही मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. ते हे सांगायला लागले की मी अंगावरची शाल आणखी आवळून घेतो. आमच्या थंडीची त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहणी केली. हंसाबेननी पुरावा म्हणून गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली दाखवली. बाबा म्हणाले, "तेलाचं काय घेऊन बसल्या? माणूस गोठला पायजे." कुणीतरी सांगितलं की चिंचणीला वारा जास्त, तर एसटीनं चिंचणीला गेले. तिथे किनाऱ्यावर दांड्यांवर बोंबील वाळत टाकले होते, आणि यंदा कोरडा गार वारा सुटलाय म्हणून कोळणी खूश होत्या. बाबा परत आले ते निकाल घेऊनच. "तुमच्याकडची थंडी माणसांसाठी नाई, बोंबलासाठी हाये."

मग बोर्डी झाली. पहाटे समुद्रावर उभे राहून त्यांचं "हाऽऽऽ" चालू होतं. सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींना हा प्राणायामाचा नवा प्रकार वाटला. नागपूरहून कुणी जाणकार आले आहेत अशी बातमी पसरली असावी, कारण पुढच्या खेपेला मी त्यांना न्यायला गेलो तर सुरूच्या झाडांखाली पाचसहा म्हातारे ओळीत उभे राहून समुद्राकडे तोंड करून "हाऽऽऽ" करत होते. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की पित्तावर फार गुण आहे. बाबांनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. माणसाला बरं वाटत असेल तर आपण काहून मधे बोलाचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

या हाऽऽऽचा उलगडा बायकोनं एका संध्याकाळी भाजी निवडताना केला. सासूबाईंच्या घरात एक कायदा होता: तोंडातून वाफ निघाल्याशिवाय लोकरीचा स्वेटर अंगावर चढवायचा नाही. लोकर झिजते, आणि विणणाऱ्याला दोनच हात असतात. त्यामुळे दर हिवाळ्यात बाबा अंगणात जाऊन हाऽऽऽ करायचे, सासूबाई दारातून बघायच्या, आणि "निघाली" असं त्या म्हणाल्या की ट्रंक उघडायची. बाबांनी स्वतःच ठरवलेलं चालायचं नाही. त्या वर्षी सासूबाईंनी उन्हाळ्यापासून बसून एक नवा स्वेटर विणला, राखाडी, मानेशी निळी पट्टी. दसऱ्याला पूर्ण केला, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवला, आणि थंडी पडायच्या आत त्या गेल्या. तो स्वेटर अजून कुणी घातलेला नाही. "बाबा म्हणतात, संक्रांतीपर्यंत इथे वाफ निघाली नाही तर ते नागपूरला परत जाणार," बायको म्हणाली. "तिथे निघेल म्हणतात. आणि एकदा गेले की ते परत यायचे नाहीत, मी ओळखते त्यांना. त्या बंद घरात एकटे बसतील." तिच्या हातातली भाजी तशीच राहिली. मला त्या दिवसापासून बाबांच्या श्वासाकडे बघताना हसू यायचं बंद झालं.

आम्ही दोघांनी मग प्रयत्न केले, त्यातले काही सांगण्यासारखे नाहीत. बायकोनं एकदा त्यांना काहीतरी काढून द्यायच्या निमित्तानं फ्रीजच्या वरच्या कप्प्यापाशी उभं केलं, दार उघडलं, पांढरी वाफ भसकन बाहेर आली आणि ती टाळी वाजवून म्हणाली, "निघाली बाबा, निघाली!" बाबांनी आमच्याकडे एकदा बघून शांतपणे दार लावलं. "हे फ्रीजची वाफ हाये, बाई. स्वेटर फ्रीजले घाल मंग." एवढं बोलून ते बाहेर गेले, आणि त्या दिवशी ते आमच्याशी जरा कमीच बोलले. खोटी साक्ष त्यांना चालणार नव्हती.

उपाय निघाला तो ऑफिसात. माझा सहकारी रमेश तलासरीच्या आत डोंगराकडच्या एका पाड्यावरून येतो. समुद्र लांब, त्यामुळे तिकडे रात्री जमीन चांगलीच गार पडते. तो म्हणाला, "आमच्याकडे सकाळी जाळाजवळून उठवत नाही. घेऊन ये सासऱ्यांना. आई उंबाडियू लावणार आहे." संक्रांत अगदी तोंडावर आली होती. मी पहाटे मोटारसायकल काढली. मी स्वेटर, जाकीट, मफलर, हातमोजे आणि कानटोपी अशा बंदोबस्तात. मागे बाबा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, मांडीवर कापडी पिशवी. आशागड सोडल्यावर माझे दात वाजायला लागले. मागून आवाज आला, "हं, आता जराशी बरी हवा आली."

पोहोचलो तेव्हा उजाडत होतं. कापणी झालेल्या खाचरांवर धुकं बसलं होतं. अंगणात रमेशच्या आईनं उंबाडियूसाठी वालपापडी, कंद आणि रताळी मडक्यात भरून, तोंडाशी पाला कोंबून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ केला होता. घरातली सगळी माणसं त्या जाळाभोवती उकिडवी बसलेली. "ये बाबा, जाळाजवळ बस. हिव लय आहे," ती म्हणाली. मी काही न विचारता जवळजवळ जाळातच बसलो. बाबा मात्र थांबले नाहीत. धुराची भेसळ नको म्हणून ते पार लांब, खाचराच्या बांधावर जाऊन उभे राहिले. मला उठून मागे जावं लागलं, कारण साक्षीदार पाहिजे होता.

बाबांनी श्वास घेतला. "हाऽऽऽ." आणि वाफ निघाली. चांगली पांढरीशुभ्र, वीतभर लांब, कुणालाही दिसेल अशी. मी लहान मुलासारखा ओरडलो, "निघाली! बाबा, निघाली!"

बाबांनी तोंड मिटून घेतलं. घट्ट. वर हात ठेवला. दीड महिना सगळ्या तालुक्यात तोंड उघडून फिरलेला हा माणूस आता तोंड उघडायला तयार होईना. पण श्वास तर घ्यायलाच हवा. तो नाकातून आला, आणि नाकातूनही दोन पांढऱ्या रेघा निघाल्या. त्या बघून मला हसू आलं. "धुकं असन," ते हाताआडून म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी हात काढला. "घातला का झिजणं सुरू होते, जवाईबापू. आतापावतर तो तिच्या हातातलाच हाये. तिनं ठेवला तसाच." आणि ते खाचराकडे बघत राहिले. इतके दिवस ते थंडी शोधत होते आणि ती सापडू नये असंही त्यांना वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं.

रमेशची आई जाळ ढोसून आमच्या मागे आली होती. आम्हाला खायला बोलवायचं होतं तिला. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं सदऱ्यातल्या बाबांना बघितलं, त्यांच्या हातातली पिशवी बघितली, पिशवीतून डोकावणारी लोकर बघितली आणि ती सरळ रागावली. "कापड पिशवीत नि माणूस हिवात? कुणी केला हा?"

"बायकोनं," बाबा म्हणाले.

"मग घाल ना! तिनं पाहिला तर रागवंल ती."

बाबा म्हणाले, "हाव. लय रागावन." आणि त्यांनी पिशवीतून स्वेटर काढला. कडुनिंबाची वाळकी पानं बांधावर पडली. स्वेटर डोक्यातून घातला, आणि तो ढगळ झाला. खांदे उतरले, बाह्या बोटांच्या पुढे गेल्या. सासूबाईंनी माप घेतलं होतं तेव्हाचे बाबा आणि समोर उभे असलेले बाबा यांच्यात तेवढा फरक पडला होता, आणि रोज एका घरात राहून तो मला दिसला नव्हता. रमेशच्या आईनं शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दुमडाव्यात तशा त्यांच्या बाह्या दुमडून दिल्या. मग जाळाजवळ बसून बाबांनी केळीच्या पानावर गरम पापडी आणि कंद खाल्ला, पुन्हा मागून घेतला. परत येताना मागून कानाशी ओरडून त्यांनी कळवलं की थंडीच्या बाबतीत तलासरीचा नंबर नागपूरच्या खालोखाल लागतो. संक्रांत आली आणि गेली. नागपूरचं तिकीट कुणी काढलं नाही. स्वेटरला धुराचा वास लागला होता, तो बायको धुवायला मागत होती, पण होळीपर्यंत त्यांनी तिला हात लावू दिला नाही.

गेल्या हिवाळ्यातही तलासरीनंच भागवलं. यंदा मात्र पंचाईत झाली. बाबांच्या गुडघ्यांनी मोटारसायकल बंद करून टाकली आहे, आणि रमेश म्हणतो की ढगांमुळे त्यांच्याकडेही पहाटे शेकोटीची गरज पडलेली नाही. परवा सकाळी बाबा अंगणात उभे होते. "हाऽऽऽ." काही नाही. पुन्हा एकदा. झावळ्या तेवढ्या हलल्या. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. दारात मी उभा होतो, शालीत.

"निघाली, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. फ्रीजचं दार लावताना पाहिलं होतं, तसं नव्हे.

"दिसली?"

"दिसली."

"मंग काढा ट्रंक," ते म्हणाले. "जरा सांभाळून घ्या. कोपरापाशी विरला हाये."

दुपारी चांगलंच ऊन तापलं. बाबा ओसरीवर बसून पेपर वाचत होते, मानेशी निळी पट्टी, कपाळावर घाम. हंसाबेन कुंपणावरून म्हणाल्या, "बाबा, थंडी बहु पडली ना?" आणि बाबा पहिल्यांदाच म्हणाले, "हाव, लय." बायको आतून आली, त्यांच्याकडे न बघता तिनं ओसरीवरचा पंखा हळूच एकावर लावला, आणि आत निघून गेली.