टिटवीची अंडी आणि पाडव्याचा मुहूर्त

सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास बोईसरजवळच्या आमच्या वसाहतीत निसर्गप्रेमाची साथ आली. आम्ही सगळी घाटावरून आलेली कुटुंबं. नवऱ्यांना नव्या बांधकामावर नोकऱ्या, बायकांना दिवसभर चार भिंती. वसाहतीमागे, बेटेगावच्या बाजूला, एक पाणथळ होती. तिथे बगळे, पाणकोंबड्या, खंड्या सुखाने नांदत होते. आमच्या मंडळाला ते बघवलं नाही. त्यांनी तिथे पक्षी उद्यान करायचं ठरवलं.

उद्यान म्हणजे काय, तर तारेचं कुंपण, चुना फासलेले दगड आणि पाण्याच्या कडेने फिरायला खडीची वाट. पक्ष्यांना यातलं काहीच नको होतं, पण त्यांना विचारतो कोण! चिटणिसांनी पंचांग काढून उद्घाटनाला पाडव्याचा मुहूर्त धरला. जणू बगळ्यांची मुंजच होती.

खडी मात्र एका पक्ष्याला खरोखर आवडली. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या खडीवरच अंडी घालते. वाटेच्या मधोमध तिने चार अंडी घातली, खड्यांच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसायची. भर उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून यायची आणि अंड्यांवर बसायची. पोळ्या लाटता लाटता मी तिच्याकडे बघत राहायची. त्या परक्या मुलखात माझ्या ओळखीचं तेवढं एकच घर होतं.

तिची ओरड चिटणिसांच्या कानावर गेली आणि निसर्गप्रेमाचा ताप एकदम उतरला. टिटवी ओरडणं म्हणजे अपशकुन, त्यात ऐन सणाला. पक्षी उद्यानातून पक्षी हाकलायचा, असा ठराव झाला, आणि एकालाही हसू आलं नाही. आमचे हेसुद्धा हात वर करून आले.

मी पदर खोचून चिटणिसांच्या घरी गेले. म्हटलं, "पिल्लं बाहेर आली की लगेच चालायला लागतात. तोवर थांबा ना."

"वहिनी, शुभकार्य आहे," ते म्हणाले. "पाडवा काय तिच्यासाठी पुढे ढकलायचा?"

पाडव्याच्या आदल्या दिवशी मंडळाच्या लोकांनी अंडी उचलली. पाप लागू नये म्हणून आधी हळदकुंकू वाहिलं, मग नव्या रुमालात धरून बांधावर नेली आणि गवताचं छानसं घरटं करून त्यात ठेवली. टिटवीला गवताचं घरटं! ती तिकडे फिरकली नाही. कावळे मात्र लगेच फिरकले. घरी आल्यावर हे म्हणाले, एका पक्ष्यापायी एवढं काय मनाला लावून घेतेस. मला त्यांचा राग आला होता आणि किळसही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी फीत कापली. टिटवी सगळ्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत आकांत करत होती. साहेबांनी वर बघून विचारलं, हा कुठला पक्षी. चिटणीस लगबगीने पुढे झाले.

"टिटवी, साहेब. आपल्या उद्यानातच अंडी घालते."

टाळ्या पडल्या. माझ्याशेजारी उभे राहून ह्यांनीही वाजवल्या. मंडळी पेढ्यांकडे वळली, तेव्हा ती खाली उतरली आणि वाटेवर, त्याच जागी, रिकाम्या खडीवर पिसं फुलवून बसली. ह्यांनी मला पेढ्यासाठी हाक मारली. मी ओ दिली नाही.