पद्मराज बेळगावात असतो

उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात व्हॉल्व्हची ओतकामं मशीनवर कापून-घासून मापात आणली जातात. मी ड्रॉइंगं तपासतो आणि पद्मराज लेथवर असतो. मजगावात आमची खोली एकच. एका भिंतीला त्याची कॉट, दुसऱ्या भिंतीला माझी.

तो मूळचा कोगनोळीचा. गाव हायवेला लागून आहे, चेकपोस्टच्या पलीकडं महाराष्ट्र सुरू. शनिवारी शिफ्ट सुटली की तो निपाणीची बस धरतो आणि सोमवारी पहाटे तिथून निघून थेट मशीनवर उभा राहतो. त्याच्या आप्पांचं अर्धं अंग गेल्यापासून त्यानं एकही शनिवार चुकवलेला मी पाहिला नव्हता. शिफ्टमधली पोरं त्याला सहलीला चल म्हणायचीही बंद झाली होती.

म्हणून त्या आठवड्यात त्याच्या आईचा फोन आला तेव्हा त्याला नवल वाटलं. "ह्या ऐतवारी येऊ नको. कुमार विजापूरला चाललाय म्हणं. जा की त्येच्यासंगं. सारखं काय घर घर?"

पद्मराज फोन ठेवून माझ्याकडं बघत राहिला. "आई असं कधी म्हणत न्हाय रं," तो म्हणाला. पण रात्री झोपायच्या आधी त्यानं मला विचारलं, "मलिक-ए-मैदान तोफ तिथंच हाय न्हवं? एवढं धूड ओतलं कसं असंल?"

रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. गाडी कुमारची. कुमार आमचा सुपरवायझर, निपाणीकडचा, पद्मराजसारखाच जैन आणि त्याच्या नात्यातला, लांबचा पाहुणा. शेजारी खानापूरचा सौरव बसला, तो गाणी बदलण्याशिवाय काही करत नाही. मागं मी आणि पद्मराज. खिडकीच्या वरच्या हुकाला इस्त्रीचा आकाशी शर्ट अडकवलेला होता आणि प्रत्येक वळणावर तो पद्मराजच्या तोंडावर यायचा.

"हे तुझं धुणं पुढं घे की," पद्मराज म्हणाला.

"असू दे," कुमार म्हणाला. "चुरगाळू नको फक्त."

यरगट्टी गेलं, लोकापूर गेलं. काळी रानं सुरू झाली आणि पद्मराज खुलला. कुठं तूर चांगली आलीय, कुठं मका वाळलाय हे तो सांगत होता. कोल्हारजवळ कृष्णेचा लांब पूल ओलांडला आणि कुमारनं गाडी बाजूला घेतली. इथलं मडक्यातलं दही खायचंच असं सौरव म्हणत होता. पण कुमार उतरला नाही. मागं वळून म्हणाला, "पद्मा, तो शर्ट घाल."

"माझा हाय?"

"व्हय."

"कशाला?"

सौरवनं गाणं बंद केलं. मला काहीच ठाऊक नव्हतं, तरी त्या शांततेतून मलाही कळलं. पद्मराजला तर आधीच कळलं होतं. मागच्या साली एका घरात पोहे खाऊन आल्यावर तो मला म्हणाला होता, आता कुणासमोर बसायचं न्हाय, बास.

त्यानं दाराची कडी ओढली. दार उघडलं नाही. पुन्हा ओढली. मागच्या दाराच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो खाली केला की दार आतून उघडत नाही. लहान पोरं चालत्या गाडीतून पडू नयेत म्हणून ती सोय आहे. कुमारला दोन लहान मुली आहेत.

"दार उघड," पद्मराज म्हणाला.

"ऐक तरी. चांगलं घर हाय. पोरगी दवाखान्याच्या लॅबमधी नोकरी करती. आधी बसदीत दर्शन घेऊ, मग पाच मिनिटं त्यांच्या घरी. तुझ्या आईनंच सांगितलंय."

"दार उघड, कुमार."

"उतरून जाणार कुठं हैस?" सौरव हसत म्हणाला. "हितनं कोगनोळीला बैलगाडी धरणार?"

पद्मराजनं कडी आणखी एकदा ओढून बघितली. मग त्यानं अंगातला शर्ट काढून गुंडाळला आणि आकाशी शर्ट घातला. तो त्याला बरोबर बसला. आईनंच माप दिलं असणार.

बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, सहस्रफणी पार्श्वनाथापुढं आम्ही हात जोडले. पद्मराजनं डोळे मिटले ते लवकर उघडलेच नाहीत. बाहेर आलो तर एक गृहस्थ, मुलीचे काका, ठरल्याप्रमाणे 'अचानक' भेटले आणि आम्हाला घरी घेऊन गेले. घर गल्लीच्या टोकाला होतं. बैठकीच्या खिडकीतून गोल घुमट दिसत होता, मोठा, करडा, जवळ. बसदी सोडली तर विजापुरातलं तेवढंच आम्ही त्या दिवशी पाहिलं.

मुलीच्या आईचं माहेर सांगलीकडचं, त्यामुळं बोलणं मराठीत झालं. वडील, ते काका, दारात दोन बायका. आम्हाला सोफ्यावर बसवलं, पद्मराज मधोमध. पुढ्यात टीपॉय असा लावला होता की कुणाला तरी उठवल्याशिवाय उठता येत नव्हतं. बिनकांद्याचं उप्पीट आलं. मुलगी पाणी घेऊन आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. तिचं नाव क्षमा.

"मुलगा कुठं असतो?" काकांनी विचारलं.

"बेळगावात असतो," कुमार म्हणाला. "उद्यमबागेत. पर्मनंट."

"आणि घरचे?"

"कोगनोळीला शेतवाडी हाय. आई-आप्पा तिकडं असत्यात."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आमच्याकडं लग्नाच्या बोलण्यात 'असतो' हा शब्द असाच चालतो. पुण्यात असतो, गोव्यात असतो. ऐकणारा मनानंच तिथं घर बांधतो, गॅस जोडतो, मुलीला नांदायला पाठवतो.

वडील खूश झाले. "मग बरं झालं. बेळगावात लॅबा लई. हिची नोकरी सुटायची न्हाय. आमची तेवढीच अट."

क्षमानं मान वर केली आणि सरळ पद्मराजला विचारलं, "तुमच्या घरापासून दवाखाने लांब पडतील का? मला सकाळी लवकर जावं लागतं."

पद्मराजच्या हातात उप्पिटाची बशी होती. कुमारनं गुडघ्यानं त्याचा गुडघा दाबलेला मी पाहिला. एक 'न्हाय' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'बघू' म्हटलं असतं तरी चाललं असतं. घरी आई वाट बघत होती, आणि असं जुळत आलेलं स्थळ त्याला पुन्हा मिळणार नव्हतं.

"मी बेळगावात असतो," तो म्हणाला. "राहत न्हाय."

"म्हणजे?" काकांनी विचारलं.

"कॉट हाय एक तिथं. राहतो कोगनोळीला. लग्न झालं की बायकोला कोगनोळीलाच राहावं लागंल. आप्पांना उठवायला-बसवायला दोन माणसं लागत्यात. आई एकटी हाय."

"आणि तुम्ही?" क्षमानं विचारलं.

"शनिवारी येतो. सोमवारी जातो."

"म्हणजे मी कोगनोळीत आणि तुम्ही बेळगावात."

"व्हय."

"मग लग्न कुणाशी करायचं? तुमच्या आई-आप्पांशी?"

दारातली एक बाई हसली आणि तोंडावर पदर घेतला. पद्मराज म्हणाला, "तसंच म्हणा. तिथं लॅब न्हाय. आमच्या घरातनं आईला बाजारालाबी जाता येत न्हाय."

काका कुमारकडं वळले. "काय हो? ह्यांच्या आई फोनवर तर म्हणाल्या..."

"खोटं न्हवतं काका, तसं..."

"मला जमायचं नाही," क्षमा म्हणाली.

"क्षमा, आम्ही बोलतो की," वडील म्हणाले.

"ते स्वतः बोलले. मीपण स्वतःच सांगते." मग तिनं पद्मराजकडं बघून आवाज खाली आणला. "सांगितलंत ते बरं झालं."

आता उठायला हवं होतं. पण उप्पीट संपलं नव्हतं, आणि अन्न टाकून उठणं हा अपमान झाला असता. चौघंही मान खाली घालून उप्पीट खात राहिलो. क्षमाच्या आईनं त्यातही पद्मराजच्या बशीत आणखी एक पळी वाढली. तेही त्यानं संपवलं.

गाडीत बसल्याबसल्या कुमारचा बांध फुटला. "हरिश्चंद्र! एक मिनिट गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? लग्नानंतर बायका घेतात की जुळवून."

"कसं जुळवतात ते बघतोय मी रोज आईला," पद्मराज म्हणाला. "अजून एक माणूस आणून कोंडायचं व्हय त्या घरात?"

"मग जन्मभर बस असाच."

"तोफ तरी बघायची का?" सौरवनं हळूच विचारलं. कुमारनं गाडी चालू करून गल्लीबाहेर काढली.

तेवढ्यात कुमारचा फोन वाजला. फोन गाडीला जोडलेला होता. त्यानं बंद करायला हात पुढं नेला, पण बोट चुकीच्या ठिकाणी पडलं आणि पद्मराजच्या आईचा आवाज गाडीभर झाला.

"कुमार, जमलं का रं? माझं पोरगं काय बोललं न्हाय न्हवं? त्येला सांग, कोगनोळीत राहायचं आत्ता काढू नको म्हणावं. मागनं मी बघून घेतो."

कुमारनं गाडी बाजूला घेतली. पद्मराज दोन सीटच्या मधून पुढं वाकला.

"आई, मी हाय. सांगितलं मी सगळं. ती न्हाय म्हणाली."

मग ती म्हणाली, "बरं केलास म्हणू व्हय मी? तुझ्या आप्पाला ह्या कुशीवरनं त्या कुशीवर वळवायला माझं हात पुरंनात रं, पद्मा. सकाळपासनं दोनदा हाक मारली शेजाऱ्याला. तुझं खरं घेऊन मी काय करू?"

"येतो मी," पद्मराज म्हणाला.

"कवा? शनिवारी?"

"आज. आणि उद्याबी रात्री. रोज येतो."

आईनं फोन ठेवला. कुमार स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. "रोज उद्यमबाग ते कोगनोळी? मशीनवर झोपशील. बोटं जातील."

"मग काय करू सांग."

कुमारनं खाली उतरून मागचं दार उघडलं, खटका वर केला आणि दार परत लावलं. मग बेळगावचा रस्ता सोडून गाडी जमखंडीकडं वळवली. चिकोडी, निपाणी करत आम्ही दिवस मावळता मावळता कोगनोळीत पोचलो.

पद्मराजचं घर मी पहिल्यांदाच बघत होतो. पुढच्या खोलीत आप्पा कॉटवर पडले होते, डोळे दाराकडं. आई एवढीशी, वाळलेली बाई. तिनं पद्मराजकडं बघितलं नाही. आम्हाला पाणी दिलं आणि आप्पांच्या उशाशी जाऊन उभी राहिली. पद्मराजनं त्या आकाशी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दुसऱ्या बाजूनं खांद्याखाली हात घातला. दोघांनी मिळून आप्पांना कुशीवर वळवलं. आप्पांच्या पाठीवर लाल झालेली जागा होती. आई तिथं पावडर लावायला लागली.

लावता लावताच म्हणाली, "उद्याबी येणार म्हणालास."

"व्हय."

"मग पहाटं डबा किती वाजता लागंल तुला?"