अस्तरवाल्या मामाची बडबड

मामा गेला त्याला आज वर्ष झालं, आणि ही पोस्ट मी सकाळपासून टाळते आहे.

आधी तर्री-पोहे खाऊन आले. मग स्कूटीत हवा भरून आणली. हवा कमी नव्हतीच.

शेवटी मामी म्हणाली, "लिहितो म्हणत होती ना वं? लिही मंग. ते असते तर आतापर्यंत सांगून झालं असतं त्यायचं."

खरं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मामाचं गांधीबागेत अस्तराचं दुकान होतं. फक्त अस्तर. ब्लाउजच्या आत लागतं आणि कुणालाच दिसत नाही, ते. मी कॉलेज अर्धवट सोडलं, पार्लरचा कोर्स अर्धवट सोडला (मध्येच घरी न सांगता पचमढीला गेले होते, पण ते नंतर कधीतरी), तेव्हा मामानेच मला दुकानात बसवलं.

मामा बोलायचा. म्हणजे फारच.

त्याचं "ऐक ना" सुरू झालं की शेजारचा दुकानदार फोन कानाला लावायचा. फोन आलेला नसायचा. मामी टीव्हीचा आवाज वाढवायची आणि म्हणायची, "चूप बसा ना जी जरासे."

कुहीकडच्या एका गावातून शांताबाई यायच्या. गावात ब्लाउज शिवतात, अस्तर मामाकडूनच. एकदा सोबत नात आणली. परी. दोन वर्षांची होत आलेली. गठ्ठ्यांवर चढली. मामाने हाका मारल्या, वळलीच नाही.

"ऐकू येत नाही तिले," शांताबाई म्हणाल्या. "मशीन भेटली हाय पण शिबिरात. दोन्ही कानाची."

"मंग कुठं हाय मशीन?"

"कपाटात. रुमालात बांधून ठेवली. घातली का काढून फेकते. मागं बकरीपुढं फेकली होती. हरपली तर पुन्हा कोण देईन?"

"म्हणजे सध्या कपाट ऐकून राहिलं," मामा म्हणाला.

शांताबाई आधी हसल्या. मग त्यांना हसता येईना.

पुढच्या खेपेला मशीन घेऊन बोलावलं आणि आम्ही सगळे रामदासपेठेत, कान तपासणाऱ्या मॅडमकडे. मॅडम म्हणाल्या, मशीन चांगली आहे, पण बोलणं शिकायचं वय हेच. जागी असेपर्यंत कानातच पाहिजे. कान वाढतो, म्हणून कानातला मऊ साचा अधूनमधून बदलायचा. सैल झाला की मशीन शिटी मारते.

मामाचं डोकं "काढून फेकते" वर अडकलं होतं.

त्याने मामीकडून कुंची शिवून घेतली. कान झाकणारी, मागून बांधायची. कापड मखमल, मरून रंगाची. आतून अस्तर, अर्थातच.

नागपूर. मे महिना.

मॅडमकडे पोचेपर्यंत परी घामाने निथळली आणि दोन्ही मशीन अशा काही ओरडायला लागल्या की बाहेर बसलेल्या एक काकू म्हणाल्या, गॅस बारीक करा.

"काका, आवाज घेणारा माइक बाहेर असतो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्याला रजई पांघरली."

"मॅडम, अस्तर एक नंबर हाय."

"तेच काढा."

मग कानावर नवरीच्या ओढणीची जाळी लावली. आत काहीच नाही. अस्तराशिवाय मामाने आयुष्यात बनवलेली ती एकच वस्तू.

ती टिकली. परी ओढायची, पण मागच्या गाठीपर्यंत हात पोचायचा नाही.

"आता तिच्याशी बोला," मॅडम म्हणाल्या. "समोर बसून. जे कराल ते बोलून करा."

मी मामीकडे पाहिलं. मामीने माझ्याकडे पाहिलं.

मामा खुर्चीत सरळ बसला. "किती बोलू?"

"जितकं बोलाल तितकं कमी."

त्या माणसाला हे आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.

मग दुकान बंद असलं की आम्ही कुहीकडे. मी पुढे, मामा मागे, बोलत. हेल्मेट मी नियमित घालायला लागले ते तेव्हापासून.

तिथे परीसमोर मांडी घालून, "ऐक ना परी. हे पॉपलिन. हे पाण्यात आटते..."

परी टकमक बघायची. बास. कितीतरी महिने.

मग साचा सैल झाला, मशीन शिट्या मारायला लागली, आणि घरच्यांनी बिघडली समजून परत कपाटात ठेवली. आम्ही गेलो तेव्हा कळलं. नवा साचा करायचं ठरवून निघालो, तर नागपूर येईपर्यंत मामा एक शब्द बोलला नाही.

मीच घाबरले. "मामा, बरं वाटते ना?"

"येईन का वं बोलणं तिले? का उशीर झाला?"

मी हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

नवा साचा बसला. कुंची परत चढली. मामा परत सुरू.

आणि एक दिवस आम्ही पोचलो तर परी अंगणात. बकरीचा कान हातात धरलेला, तोंड अगदी तिच्या तोंडाजवळ.

"ऐ ना," परी म्हणाली. "ऐत ना."

बकरी निघून गेली. आम्ही सगळे मामासमोरून जायचो, तशीच.

मामा गाडीवरून उतरायचंच विसरला. शांताबाईंनी हाताला धरून उतरवला, तेव्हा दिसलं की तो रडतोय. परतीच्या वाटेवर इतका बोलला की मी हेल्मेट काढून ठेवलं. पोलिसांनी वाचू नये.

आज शांताबाईंना फोन केला होता. धान कापणी चालू आहे, येणं जमणार नाही म्हणाल्या. म्हणून मामी आणि मी दोघीच. मामीने टीव्ही मोठ्याने लावून ठेवलाय. सवय.

तर मामा, जिथे असशील तिथे तुझं "ऐक ना" जे कुणी ऐकून घेत असतील त्यांना माझा नमस्कार. तुला तर आहेच.

थांबा. खाली ऑटो थांबला.

जिन्यात कुणीतरी ऑटोवाल्याची, बकरीची आणि बसमधल्या एका काकांची गोष्ट एका दमात सांगतंय. मागून शांताबाईंचा आवाज, "चूप बस वं जराशी, आज तरी."

मामीने उठून टीव्ही बंद केला. जिन्यात डोकावून म्हणाली, "बोलू द्या तिले."

कुहीहून परी आली आहे.